दहाच्या आतली शेड

उद्यमबाग आणि मच्छे इथल्या फौंड्री व मशीन शॉपवर बेळगावातल्या कितीतरी मराठी घरांची चूल पेटते. अनेक ठिकाणी मालकही आपला आणि कामगारही आपला. म्हणून हा विषय इथे मांडावा असे आम्हाला वाटते.

१९४८ चा कारखाना कायदा माणसे मोजायचा. विजेवर चालणाऱ्या शेडमध्ये १० कामगार झाले की कारखाना, २५० च्या वर गेले की कॅन्टीन, १००० झाले की सुरक्षा अधिकारी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या संहितेने घेतली. सुरक्षा अधिकाऱ्याची अट ५०० वर आली, धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० वर. हे चांगलेच झाले. पण विजेवरच्या शेडला ‘कारखाना’ म्हणायला आता १० ऐवजी २० माणसे लागतात. १० ते १९ वाल्यांवर आस्थापना म्हणून काही कर्तव्ये उरली. दहाच्या आत तर सहसा कोणी विचारायलाच येत नाही.

सिलिकाची धूळ मात्र माणसे मोजत नाही. मोल्डिंगच्या वाळूतली ही बारीक धूळ वर्षानुवर्षे फुफ्फुसात साचते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. तोंडाला बांधलेल्या रुमालाने ती अडतही नाही. वाळू ओली ठेवणे, कोरडा झाडू न मारणे, धूळ ओढणारा पंखा बसवणे, पॉवर प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची बटणे लावणे, यातले निम्मे तर जवळजवळ फुकटात होते.

‘आम्हाला कुठे परवडते?’ असे लहान मालक म्हणतो, आणि तो अगदीच खोटे बोलत नाही. त्याच्याकडून कास्टिंग घेणारी मोठी कंपनी भोक गेज लावून तपासते, शेडमध्ये डोकावत नाही. आम्हा बँकवाल्यांचेही तेच. तारण यंत्राचा विमा आम्ही आग्रहाने उतरवून घेतो. ते चालवणाऱ्याच्या बोटांसाठी आमच्या अर्जात रकाना नाही.

आणखी एक गोष्ट. सरकारी कागद मराठीत मिळावेत म्हणून आपण निवेदने देतो. जुन्या कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे कारखान्यातली सूचना बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेतही लावावी लागे. मग आपल्याच माणसाच्या शेडमध्ये प्रेसशेजारी मराठी पाटी का नाही? परप्रांतातून आलेल्या पोरांसाठी हिंदीही हवी. ती लावायला कुणाची परवानगी लागत नाही. आठ-दहा शेडनी मिळून एक सुरक्षा अधिकारी ठेवता येईल का, हे आपल्या कार्यकारिणीने फौंड्रीमालकांना बोलावून विचारावे. पुढच्या मासिक बैठकीत आम्ही तसा ठराव मांडणार आहोत.