सातमाशी पोर आणि पाचटाचा धूर



शेतकी खात्याने फुप्फुसावर लिहावे, हे काहींना नवल वाटेल. पण पाचट पेटते आपल्या फडात, म्हणून लिहितो.

गावात अजून म्हणतात, सातमाशी जगतं, आठमाशी जगत नाही. हे खोटे आहे. पोटात जितके दिवस जास्त, तितके मूल भक्कम. ३७ आठवडे भरण्याआधी जन्मले ते अपुऱ्या दिवसांचे. २०२० साली आपल्या देशात अशी सुमारे ३० लाख मुले जन्मली.

१९७२ साली न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हौवी या डॉक्टरांनी दाखवले, की बाळंतपणाआधी आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले तर अशा बाळाचा श्वास सावरतो. पुढे उपचार वाढले, पेटीत ठेवलेली पोरं जगू लागली. फार मोठे काम झाले. पण पोर घरी आले म्हणजे सगळे संपले, असे समजू नये.

फुप्फुसातले हवेचे बारीक कोश गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत आणि जन्मानंतरची काही वर्षे तयार होतात. फुप्फुसाची ताकद विशी-पंचविशीपर्यंत चढते, मग उतरते. ज्याची चढणच कमी पडली, त्याला उतारवयात दम लवकर लागू शकतो. फुटव्याच्या वेळी मार खाल्लेल्या उसाचे असेच असते; मागाहून खताचा डोस वाढवून सगळी तूट भरत नाही. सगळ्यांनाच त्रास होतो असे नाही. मात्र फार लवकर जन्मलेल्यांना आणि बरेच दिवस ऑक्सिजनवर राहिलेल्यांना धोका जास्त.

म्हणून घरात असे कोणी असेल, मग ते चाळिशीचे का असेना, तर डॉक्टरला जन्माची हकिकत आपणहून सांगा. फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायची तपासणी असते, ती करायची का, ते विचारा. लसी चुकवू नका. अशा माणसाने विडी-सिगारेटला शिवू नये, आणि घरच्यांनी त्याच्यासमोर ओढू नये.

आता आमचे स्पष्ट मत. एकरी ३ ते ४ टन पाचट निघते. ते पेटवले की धूर बांधावर थांबत नाही. तो वस्तीवर जातो, तोडणीवाल्यांच्या कोप्यांत शिरतो. तिथे गर्भार बाया असतात, तान्ही पोरं असतात. धुराने दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोकाही वाढतो. खोडव्यात पाचट सरीत दाबा, वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाका. जमिनीला खत होईल.

दुसऱ्याच्या पोराचा श्वास कोंडून आपला फड साफ करणे, हे सहकारात बसत नाही.