नासक्या अंड्याच्या वासाची करामत



नासकं अंडं फुटलं की नाक दाबून पळावं लागतं, हो ना? तो वास असतो हायड्रोजन सल्फाइड या वायूचा. गंधकाचा एक अणू आणि हायड्रोजनचे दोन. वायू विषारी आहे, तेव्हा त्याच्या नादी लागायचं नाही बरं का! पण याच वायूने वीज वाहून नेण्यात भल्याभल्या धातूंना मागे टाकलं.

तांब्याच्या तारेतून वीज जाते तेव्हा इलेक्ट्रॉन धडपडत, अडखळत जातात. मधल्या सुट्टीत वऱ्हांड्यात चालते तशी धक्काबुक्की! त्यात तार तापते, थोडी वीज वाया जाते. १९११ साली हॉलंडमध्ये कामरलिंग ओनेस यांनी पारा उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला, तेव्हा हा अडथळा एकदम नाहीसा झाला. याला म्हणतात अतिसंवाहकता. अशा धातूत अणूंच्या थरथरीमुळे इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात आणि त्या विनाअडथळा पुढे सरकतात. पण एवढी थंडी रोज कोण आणणार?

अणू जितका हलका, तितकी त्याची थरथर जलद. मग जोड्या कमी थंडीतही टिकू शकतात. सर्वांत हलका अणू हायड्रोजनचा. म्हणून अमेरिकेतल्या नील अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी १९६८ साली सुचवलं, की हायड्रोजन दाबून त्याचा धातू करा. ते महाकठीण! २००४ साली त्यांनीच सोपी वाट दाखवली. ज्यात हायड्रोजन भरपूर आहे असं संयुग दाबा.

कोणतं संयुग? प्रत्येक दाबून बघायचं तर जन्म जाईल. म्हणून २०१४ साली चीनमधल्या शास्त्रज्ञांनी संगणकावर अणूंच्या रचना मांडून पाहिल्या. एका गटाचं उत्तर आलं, हायड्रोजन सल्फाइड, उणे १९३ अंश. दुसऱ्या गटाने गंधकाच्या एका अणूमागे हायड्रोजनचे तीन धरले, तर गणित उणे ७५ अंशांच्या आसपास पोहोचलं!

आता खरी परीक्षा. जर्मनीत माइन्ट्स इथे मिखाइल एरेमेट्स आणि सहकाऱ्यांनी केसाच्या जाडीहूनही लहान नमुना दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये धरला आणि हवेच्या पंधरा लाख पट दाब दिला. जमिनीखाली २,९०० किलोमीटरवर, जिथे वितळलेलं लोखंड सुरू होतं, तिथल्यापेक्षाही हा दाब जास्त! वायूचा धातू झाला. उणे ७० अंशांनाच अडथळा संपला! २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. जुना उच्चांक उणे १०९ अंशांचा होता. दाबाखाली रेणू मोडून खरोखरच एकास तीन अशी नवी जुळणी झाली होती. दुसऱ्या गटाचं गणित बरोबर निघालं.

२०१९ साली लँथॅनम आणि हायड्रोजनच्या संयुगाने उणे २३ अंश गाठले. लडाखमधल्या द्रासला कडाक्याच्या हिवाळ्यात पडते तेवढीच थंडी! त्याचंही भाकीत दोन वर्षं आधी झालेलं होतं. मात्र दाब तिथेही सतरा लाख पट. आपल्या गावाच्या विजेच्या तारा हिऱ्यांच्या चिमट्यात कोण धरून बसणार? म्हणून आता शोध चाललाय तो कमी दाबात चालणाऱ्या संयुगाचा, आणि तोही आधी संगणकावरच.