‘पण लक्षात कोण घेतो’ आणि आजचा वाचक

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी वाचलेली नाही, परंतु तिच्यात काय आहे ते ठाऊक आहे, असे सांगणारे वाचक आज पुष्कळ भेटतात. यमूचे लहानपणी लग्न झाले, पुढे नवरा वारला, शंकरमामंजींनी तिचे बळेच केशवपन करविले आणि अखेर तिचाही अंत झाला, एवढे चार ओळींत सांगता येते. आणि चार ओळींत सांगितल्यावर ‘तो काळ गेला, बरे झाले’ असे म्हणून मोकळे होण्यासही फारसा वेळ लागत नाही. या अभिप्रायाशी आमचे भांडण आहे.

अफझलगंजातील आमच्या विद्यालयाच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी ही कादंबरी घरी नेऊन वाचावी आणि तिच्याविषयी मोकळेपणाने बोलावे, असे आम्ही गेल्या वर्षी सुचविले होते. शेवटच्या पानापर्यंत पोहोचलेले थोडेच निघाले. परंतु जे बोलले ते मनापासून बोलले. एकीने विचारले, ‘यमू उलट का बोलत नाही?’ एकास रघुनाथरावांसारखा समंजस नवरा त्या काळी असेल, हेच खरे वाटेना. तक्रार मात्र बहुतेकांची एकच होती: पुस्तक फार लांब आहे, शेदोनशे पाने उलटली तरी काही घडतच नाही. या तक्रारीस एक अपवाद निघाला. एका विद्यार्थिनीने घरी मोठ्याने वाचावयास आरंभ केला, तेव्हा तिची आजी जवळ येऊन बसू लागली. आणि जेथे नातीला कंटाळा येई तेथेच नेमकी आजी म्हणे, ‘थांबलीस का? वाच पुढे.’

आजीचा अभिप्राय आम्हांस अधिक मोलाचा वाटतो, आणि तो केवळ वयाच्या मानाने नव्हे.

ही कादंबरी प्रथम पुस्तक म्हणून लोकांपुढे आलीच नाही. १८९० साली हरिभाऊंनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यातून ती क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली; १८९३ साली तिचे पुस्तक झाले. हरिभाऊंच्या सामाजिक कादंबऱ्यांचे सामान्य नाव ‘आजकालच्या गोष्टी’ असे होते, हे आज फारसे कोणाच्या ध्यानात राहिलेले नाही. ज्या वाचकांच्या हाती तो अंक आठवड्यास पडे, त्यांच्या दृष्टीने यमू ही इतिहासातील मुलगी नव्हती. ती शेजारच्या वाड्यात होती, कित्येकांच्या तर स्वतःच्याच माजघरात होती. भावंडांचे खेळ आणि रुसवेफुगवे, वडिलांचा धाक, आईचे मुकाट्याने सोसणे, सासरचे टोमणे, हाती पुस्तक धरण्याची चोरी, या गोष्टी आठवड्याआठवड्याने थोड्या थोड्या येत, आणि तितक्यातच वाचणाऱ्याच्या घरीही त्या घडत असत. घरातील अन्याय मोठा आवाज करून येत नाही. तो ताटावर, पाणवठ्यावर, एखाद्या तुटक उत्तरात येतो. ज्यास आमचे विद्यार्थी ‘काही घडत नाही’ म्हणतात, ते हेच घडणे होय. हरिभाऊंस पाल्हाळाची सवय होती, हे आम्ही नाकारीत नाही. काही ठिकाणी कात्री चालली असती तर बरे झाले असते. पण या पुस्तकाचा सारांश काढला की उरते ते केवळ केशवपन. ती दुष्ट चाल बंद पडली म्हणून पुस्तकही जुने झाले, हा गैरसमज मुळात सारांश वाचणाऱ्यांचा आहे.

तो काळही ध्यानात घ्यावा. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मर्यादा दहा वर्षांवरून बारावर गेली. त्यापूर्वी पुण्यामुंबईच्या पत्रांतून जो वाद माजला, त्यात शास्त्राधार होते, सरकारच्या अधिकाराची चर्चा होती, सुधारक आणि सनातनी यांची एकमेकांवर झोड होती. जिच्याविषयी वाद चालला होता ती मुलगी मात्र त्यात बोलत नव्हती. हरिभाऊंनी तिला ‘मी’ म्हणावयास लावले. ही कादंबरी यमूने स्वतः सांगितलेली हकीकत आहे. ‘यमू उलट का बोलत नाही’ या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देऊ, की एवढे जाडजूड पुस्तक भरून ती बोलतेच आहे. घरात ऐकणारा कोणी नव्हता म्हणून ती कागदाशी बोलली.

लेखकाने गोष्ट भडक केली आहे, असाही एक आक्षेप ऐकू येतो. त्यास स्त्रियांनीच उत्तर दिलेले आहे. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या. पतीने शिकविले म्हणून घरच्या बायकांचा केवढा रोष पत्करावा लागला, ते त्यांत वाचावे. पार्वतीबाई आठवल्यांची ‘माझी कहाणी’ १९२८ ची, आनंदीबाई कर्व्यांचे ‘माझे पुराण’ १९४४ चे. या दोघीही वैधव्य भोगलेल्या. आनंदीबाईंचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला तो १८९३ साली, म्हणजे कादंबरीचे पुस्तक निघाले त्याच वर्षी. काशीबाई कानिटकर तर हरिभाऊंच्या स्नेहीमंडळातील. विवाहानंतर नवऱ्याच्या इच्छेखातर त्या अक्षरे गिरवावयास बसल्या आणि पुढे स्वतः लेखिका झाल्या. रघुनाथराव खरे वाटत नाहीत, असे म्हणणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याने गोविंदराव कानिटकरांचे नाव लक्षात ठेवावे.

आमच्या या गावीही असे वाचन काही नवे नव्हे. मुसी नदीच्या काठी आमच्या शेजारी जे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय उभे आहे, ते आसफिया ग्रंथालय या नावाने १८९१ साली स्थापन झाले, म्हणजे यमूची हकीकत ‘करमणुकी’त चालू असतानाच, अफझलगंजातील इमारतीत ते १९३६ साली आले. तेथे उर्दू पुस्तकांत नझीर अहमद यांची ‘मिरात-उल-उरूस’ मागावी. ती १८६९ ची. लेखकाने ती आपल्या मुलींस वाचावयास म्हणून लिहिली आणि पुढे ते हैदराबाद संस्थानच्या नोकरीत आले. तीत अकबरी आणि असगरी अशा दोघी बहिणी आहेत. एक संसार बिघडविते, दुसरी शहाणपणाने सावरते. तेलुगूत गुरजाडा अप्पाराव यांचे ‘कन्याशुल्कम्’ हे नाटक १८९२ साली रंगभूमीवर आले. पैसे घेऊन म्हाताऱ्यास मुलगी देण्याच्या चालीवर त्यात हसत हसत कोरडे ओढले आहेत. तीन भाषांतील ही तीन पुस्तके पंचवीसेक वर्षांच्या आतली. नझीर अहमदांनी मुलीने कसे वागावे ते मुलींस सांगितले, हरिभाऊंनी मोठी माणसे कशी वागतात ते मोठ्यांस दाखविले. आमचा कौल हरिभाऊंकडे आहे.

अर्थात सर्वच आक्षेप परतविण्यासारखे नाहीत. एक मुलगा उभा राहून म्हणाला, ‘सर, आमच्यात हे नव्हतेच. विधवेचा पाट लावीत.’ हे अगदी खरे आहे. हरिभाऊंचे जग म्हणजे पुण्यामुंबईची ब्राह्मण घरे. महाराष्ट्रातील बहुसंख्य जातींत विधवेस दुसरे घर करण्याची मोकळीक होती, तेथे केशवपनही नव्हते. या मर्यादेकडे डोळेझाक करून कादंबरीस ‘मराठी समाजाचा आरसा’ म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्याच मुलास आम्ही विचारले, की मुलींची लग्ने कोणत्या वयात होत? तो थोडा थांबून म्हणाला, ‘लवकरच. आताही होतात.’ वर्गात कोणी हसले नाही.

आकडे पाहिले तर त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले, १९७८ साली ते अठरा झाले, २००६ साली आणखी कडक कायदा आला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे २३ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांपूर्वी झालेली आढळली. महाराष्ट्र आणि आमचे तेलंगण, दोन्ही या आकड्याच्या आसपासच आहेत. अशी मुलगी शाळेच्या हजेरीपटावरून निघून जाते तेव्हा पुढे ‘स्थलांतर’ अथवा ‘घरगुती अडचण’ असे काही लिहिले जाते. शिक्षक, शेजारी, मैत्रिणी, मामा, काका सर्वांस ठाऊक असते. त्यांत शंकरमामंजी एकही नसतो. सगळी भलीच माणसे असतात.

कादंबरीच्या वाचकांचा राग शंकरमामंजींवर निघतो आणि तेथेच संपतो. हरिभाऊंनी त्याला इतका काळा रंगविला आहे, की बाकीचे सुटून जातात. हा आमच्या मते कादंबरीतील मोठा दोष. परंतु नावाकडे पाहावे. ‘दुष्ट कोण’ असे ते विचारीत नाही. ज्यांस दिसत होते आणि ज्यांनी लक्षात घेतले नाही, त्यांच्याकडे त्याचे बोट आहे. आणि तेवढ्यासाठी ती शेदोनशे पाने वाचणे भाग आहे, कारण ही माणसे तेथेच भेटतात.

यंदा आम्ही पद्धत थोडी बदलली आहे. पूर्वी ती आली तशीच ती वाचावी, म्हणून दर शनिवारी मधल्या सुटीनंतर एकेक प्रकरण मोठ्याने वाचण्याचे ठरविले आहे. शाळेच्या ग्रंथालयात दोन प्रती आहेत. ज्यांच्या घरी ऐकावयास कोणी असेल, त्यांस त्या प्रथम मिळतील.