बेने इस्राएलांचे मराठी ग्रंथ आणि विद्यापीठीय संग्रहांचे उत्तरदायित्व

एखाद्या समाजाचा इतिहास लिहिला जाणार की नाही, हे पुष्कळदा इतिहासकाराच्या आधी ग्रंथालय ठरवीत असते. जे संग्रहात आले नाही ते सूचीत येत नाही, जे सूचीत नाही ते प्रबंधात येत नाही, आणि प्रबंधांनी ज्याची दखल घेतली नाही त्याला वाङ्मयेतिहासात स्थान मिळत नाही. प्रादेशिक अभ्यासाचा उच्चार आपल्या विद्यापीठांत आवर्जून होतो. परंतु प्रदेशातील अल्पसंख्य समाजांनी मराठीत जे लिहिले व छापले, ते जमविण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. बेने इस्राएल समाजाच्या मराठी ग्रंथनिर्मितीच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात तेल गाळण्याचा व्यवसाय करणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा म्हणून ‘शनवार तेली’ या नावाने ओळखला गेलेला हा ज्यू समाज. त्याची घरची भाषा मराठी. राजपूरकर, केहिमकर, रोहेकर ही त्याची आडनावे कोकणातील गावांची आठवण देणारी. जॉन विल्सन यांचे मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचला जाणारा ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत व १८७४ मध्ये पुण्यात छापला गेला. पुण्याच्या आवृत्तीतील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी अनेक हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. ते मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षकही होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजात बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तने होऊ लागली आणि ती छापलीही गेली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ च्या सुमारास इंग्रजीत लिहून पूर्ण केलेला समाजाचा इतिहास मात्र १९३७ मध्ये, तोही तेल अवीव येथे, प्रसिद्ध झाला.

हे सारे एका लहान धर्मसमाजाच्या अंतर्गत व्यवहाराचे साहित्य आहे, मराठी विभागाशी त्याचा संबंध काय, असा आक्षेप येऊ शकतो. तो टिकणारा नाही. मिशनऱ्यांच्या मराठी गद्याचा अभ्यास आपण वाङ्मयेतिहासाचा आवश्यक भाग मानतो. मग ज्यांना ते धर्मग्रंथ परंपरेनेच लाभले होते आणि मराठीही परंपरेनेच लाभली होती, त्यांनी तीच आख्याने कोणत्या शब्दांत सांगितली, हा प्रश्न गौण कसा ठरेल? मिशनऱ्यांनी रूढ केलेले प्रतिशब्द त्यांनी कोठे स्वीकारले आणि कोठे नाकारले, कीर्तनाचा पूर्वरंग व आख्यान या घाटात मोशे किंवा योसेफ कसा बसविला, याचे उत्तर मूळ पुस्तिका हाती असल्याविना देता येणार नाही. भाषांतरमीमांसेचा पाठ देताना आपण परदेशी उदाहरणे शोधतो. घरचे उदाहरण मात्र संग्रहाअभावी दूर राहते.

प्रश्न केवळ खरेदीचा नाही, नोंदीचाही आहे. दशांश वर्गीकरणात ज्यू धर्म २९६ मध्ये, मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये आणि भारताचा इतिहास ९५४ मध्ये जातो. त्यामुळे एकाच समाजाचे प्रार्थनापुस्तक, कीर्तन आणि इतिहास तीन कपाटांत विखुरतात. वर्गीकरणाचा तो दोष नव्हे. कोणत्याही ग्रंथाला फळीवर एकच जागा असते. परंतु सूचीत ‘बेने इस्राएल’ असा विषयशीर्षकाचा दुवा दिला नाही, तर संग्रहात असलेले पुस्तकही अभ्यासकाला सापडत नाही. पातळ पुस्तिका, सिनेगॉगचे अहवाल, स्मरणिका यांना तर ‘ग्रंथ’ म्हणून दाखलअंकही क्वचितच मिळतो.

कायद्यावर विसंबून राहण्याचीही सोय नाही. १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्यामुळे छापील पुस्तकांच्या याद्या सिद्ध झाल्या आणि त्या आज संशोधनाला उपयोगी पडतात. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या कायद्यातून ग्रंथ वगळण्यात आले आहेत. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याचा लाभ मोजक्या ग्रंथालयांना होतो. विद्यापीठाने स्वतः उठून जमविले नाही, तर ते आपोआप येणारे नाही.

संगणकीकरणाने हा प्रश्न सुटेल, असेही सांगितले जाते. प्रतिमा घ्यावयाची तर आधी प्रत हवी आणि ती ओळखणारा जाणकार हवा. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. आज भारतात तो काही हजारांवर आला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्य दर्जा दिला, हे योग्यच झाले; परंतु दर्जाने कागद वाचत नाहीत.

या संदर्भात केरळचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. कोचीनच्या ज्यू स्त्रियांनी वह्यांतून जपलेली मल्याळम गीते मल्याळमचे प्राध्यापक स्करिया झकारिया यांनी ओफिरा गॅम्लिएल यांच्यासह संपादित केली आणि ती २००५ मध्ये जेरुसलेमहून हिब्रू भाषांतरासह प्रसिद्ध झाली. भाषेच्या अध्यापकाने हे काम आपले मानले, ही त्यातील लक्षणीय गोष्ट होय.

आपल्याकडे याचा प्रारंभ माफक असू शकतो. रायगड, ठाणे, मुंबई व पुणे येथील महाविद्यालयीन अध्यापकांनी कुटुंबांकडील व सिनेगॉगमधील मराठी मुद्रितांची यादी करावी. मूळ प्रत मालकाकडेच ठेवून छायाप्रत घ्यावी. परदेशी ग्रंथालयांतील प्रतींच्या प्रतिमा विद्यापीठाने अधिकृतपणे मागवाव्यात. पदव्युत्तर वर्गातील लघुप्रबंधासाठी एकेका पुस्तिकेची वर्णनात्मक सूची हा विषय मान्य करावा. दरवर्षी दहा पुस्तिकांची नीट नोंद झाली, तरी पुढील संशोधकाला रिकाम्या फळीपासून आरंभ करावा लागणार नाही. बेने इस्राएलांसाठी घातलेली ही पद्धत उद्या इतर लहान समाजांच्या मराठी लेखनालाही लागू करता येईल. त्यासाठी नव्या केंद्राची वा मोठ्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. विभागाच्या पुढील बैठकीत एक ठराव आणि एक दाखल-नोंदवही एवढे पुरेसे आहे.