मुलांचा संधिवात: ‘आरए निगेटिव्ह’चा फसवा दिलासा

माण, जत, आटपाडीकडचे आईवडील मुलाला घेऊन सातारा-सांगलीच्या सरकारी रुग्णालयात येतात, तेव्हा पिशवीत रिपोर्टांची चळत असते. तीन आठवडे रोज ताप चढतो आणि उतरतो. तापासोबत गुलाबी पुरळ उठते, ताप गेला की मावळते. गुडघे, मनगटे सुजलेली. टायफॉईडची औषधे दोनदा झालेली. आणि ‘आरए फॅक्टर निगेटिव्ह’, म्हणजे संधिवात नाही, असे कोणीतरी सांगितलेले.

मुलांच्या संधिवातात आरए फॅक्टर बहुतेकदा निगेटिव्हच येतो. हा आजार मोठ्यांच्या संधिवाताहून वेगळा आहे, हे लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १८९७ मध्येच मांडले. आपली तपासण्यांची यादी मात्र मोठ्यांचीच राहिली. नुसते एएसओ वाढलेले दिसले म्हणून पेनिसिलिनची इंजेक्शने सुरू होतात, तोही त्यातलाच प्रकार.

खरी कामाची तपासणी साधी आहे: सीबीसी, ईएसआर, सीआरपी आणि फेरिटिन. फेरिटिन लोहाच्या साठ्यासाठी मोजतात, पण या आजारात ते हजारांत जाते. डेंगीतही वाढते, म्हणून एकट्या आकड्यावर निदान नको. सर्वांत मोठा चकवा ईएसआरचा. ताप हटत नाही, मूल मलूल होते आणि ईएसआर मात्र उतरतो. घरचे खूश होतात. प्रत्यक्षात रक्तातले फायब्रिनोजेन संपत आलेले असते, म्हणून तो उतरतो. सोबत प्लेटलेट घसरत आणि फेरिटिन चढत असेल, तर तो मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन सिंड्रोम असू शकतो. तो जिवावर बेततो. तिथे दिवस नव्हे, तास मोजायचे असतात. म्हणूनच फेरिटिनचा रिपोर्ट जिल्हा रुग्णालयात त्याच दिवशी हाती पडला पाहिजे.

अशा काही मुलांची फुफ्फुसेही बिघडतात. त्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-१८ फार वाढलेले आढळते. ती तपासणी गावच्या लॅबमध्ये होत नाही, आणि त्यावाचून अडतही नाही. खोकला नसतानाही बोटांची टोके फुगीर झालेली दिसतात. ती पाहायला पैसे पडत नाहीत. ऑक्सिमीटर कोरोनानंतर सगळीकडे आहेतच. शंका आली तर छातीचा सीटी स्कॅन हवा, कारण सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो.

एक आग्रह मात्र धरावाच लागेल. सांधे दुखतात म्हणून तालुक्याच्या गावीच स्टिरॉइड सुरू करू नये. रक्ताचा कर्करोगही मुलांत ताप आणि सांधेदुखीनेच सुरू होऊ शकतो. स्टिरॉइडने तो काही आठवडे झाकला जातो.