चाई की नायटा?

बहिणीच्या मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढा टकलाचा चट्टा पडला, तेव्हा डॉक्टर सोडून सगळे बोलले. खालांनी चाई ठरवली आणि लसूण घासायला सांगितलं. शेजारच्या भाभींचा भर कांद्याच्या रसावर. मेडिकलवाल्याने तर काही न विचारता एक ट्यूब काढून दिली. तीन आठवडे पोरगं लसणाची आग सोसत राहिलं आणि एका चट्ट्याचे तीन झाले.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. ‘खरवडून बघू’ म्हटल्यावर बहीण घाबरली. प्रत्यक्षात डॉक्टरांनी बोथट पात्याने चट्ट्याच्या कडेचा कोंडा काचपट्टीवर घेतला, चिमट्याने दोन-चार तुटके केस काढले आणि त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. रक्त नाही, सुई नाही. त्या थेंबाने त्वचेचे कण विरघळतात आणि बुरशीचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. इथे ते दिसले. चाई नव्हतीच, डोक्यातला नायटा होता.

चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. चट्टा गुळगुळीत असतो आणि पुष्कळदा केस आपोआप परत येतात. (लसणाची कीर्ती टिकली आहे ती यामुळेच.) नायट्यात कोंडा धरतो, केस तुटतात. बुरशी केसात आणि मुळाशी बसलेली असल्याने नुसतं मलम पुरत नाही, कित्येक आठवडे पोटातून औषध घ्यावं लागतं. स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूबने खाज आणि लाली कमी होते, बुरशी मात्र पसरत राहते. 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. आमच्या कोपऱ्यावर ती अजून पोहोचलेली नाही.

2025च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस मुठीने गळू लागले, तेव्हाही पाणी, शाम्पू, बुरशी असे तर्क आधी धावले. डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्त, केस आणि रेशनचा गहू तपासून घेतला आणि गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. त्यावर मतभेद असतील, पण नमुना आधी आणि निदान मागून, हा क्रम मला पटतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की पोराच्या डोक्याला काही चोळण्याआधी डॉक्टरांना विचारा, खरवडून बघायचं का?

एक गोष्ट आपल्याच घरातली. मशिदीच्या दाराशी टोपलीत सगळ्यांसाठी टोप्या ठेवलेल्या असतात. ही बुरशी कंगव्यावरून, टोपीवरून एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाते. आमच्या पोराला ती कुठून लागली, कोण सांगणार? तरी मी मुतवल्लीसाहेबांना टोप्या दर आठवड्याला गरम पाण्यात धुवायची विनंती केली. ‘इतक्या वर्षांत कुणाला काही झालं नाही,’ ते म्हणाले. पुढच्या जुम्म्याला मी पुन्हा विचारणार आहे. भाच्याची टोपी तोवर त्याच्या खिशात असते.