विश्लेषण : ‘परमिशन डिनाइड’मुळे सर्व्हरच्या नोंदी कशा हरवतात? ‘७७७’ हा उपाय का नाही?

सायबर हल्ला झाला की तपास करणारे आधी सर्व्हरचे लॉग मागतात. कोणी, कधी, कुठून लॉग-इन केले, याची ही नोंदवही. पण ती उघडल्यावर पाने कोरी निघाली तर? त्यामागे दरवेळी हॅकरच असतो असे नाही. फाइलच्या परवानगीतली साधी चूकही पुरेशी ठरते.

नियम काय आहे?

केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०ब अंतर्गत निर्देश काढले. त्यानुसार कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना फक्त तयारीसाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत वेळ मिळाला, सूट नाही.

नोंदी का थांबतात?

लिनक्सवर लॉगच्या मुख्य फोल्डरची मालकी सहसा ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याकडे असते. ॲप्लिकेशन मात्र सुरक्षेसाठी कमी अधिकारांच्या खात्यातून चालवतात. फाइल वाढली की ‘लॉगरोटेट’ ती बाजूला ठेवून नवी तयार करतो. या नव्या फाइलची मालकी सेटिंगमध्ये चुकली, तर ॲप्लिकेशनला तीत लिहिता येत नाही. अनेकदा सेवा सुरूच राहते, ग्राहकाला काही जाणवत नाही. नोंदी मात्र बंद पडतात.

‘७७७’ धोकादायक का?

घाईत अनेक जण फोल्डरला ‘७७७’ परवानगी देतात. म्हणजे वाचणे, लिहिणे, पुसणे सगळ्यांना खुले. एरर जाते, पण साध्या खात्यातून शिरलेला हल्लेखोरही आपल्या खुणा पुसू शकतो. शिवाय असे फोल्डर असुरक्षित मानून लॉगरोटेट कामच नाकारतो. मग फाइल फुगत जाते आणि डिस्क भरते.

मग करायचे काय?

आधी सेवा कोणत्या खात्यातून चालते ते पाहावे. फाइलपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरमध्ये त्या खात्याला प्रवेश आहे का, हे तपासावे. लिहिण्याची परवानगी त्याच खात्याला किंवा गटाला द्यावी आणि लॉगरोटेटच्या सेटिंगमध्येही तीच मालकी नोंदवावी. परवानगी बरोबर असूनही एरर येत असेल, तर रेड हॅटसारख्या प्रणालींत ‘एसई-लिनक्स’चे लेबल तपासावे. लॉग नव्या डिस्कवर हलवल्यावर ही अडचण हमखास येते. लेबल दुरुस्त करावे, एसई-लिनक्स बंद करू नये.

शेवटी रोटेशन मुद्दाम चालवून नवी नोंद पडते का, हे पाहावे आणि लॉगची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर पाठवावी. १८० दिवसांचा नियम कागदावर पाळणे सोपे आहे. नोंद खरोखर होते आहे का, हे हल्ल्याच्या दिवशी कळून उपयोग नसतो.